शेवटचा ढीग

संक्रांत उलटली आणि येसूबाईच्या तळहातात शिंगाळ्याचा काटा मोडला. मासळी निवडताना तिचं अर्धं लक्ष पालघरला निघालेल्या लॉरीकडे होतं. हळद भरून, चिंधी गुंडाळून ती तशीच बाजाराला गेली आणि टोपली रिकामी करूनच परतली. पुढे दोन दिवसांत डावा हात मनगटाच्या वर सुजला, कातडी ताणून चकचकीत झाली, बोटं मिटेनात. सातपाटीच्या डॉक्टरांनी चीर देऊन घाण काढली आणि होळीपर्यंत हा हात पाण्याला, मिठाला लावायचा नाही, असं बजावलं. येसूबाईनं मान डोलावली. परतीच्या वाटेवर मात्र सोबत आलेल्या हंसाला ती म्हणाली, "बाई, त्यांनी मना सरळ सांगायचं होतं, होळीपर्यंत श्वास घेऊ नको."

हंसा दांडेपाड्याच्या शाळेत मास्तरीण होती. नगरकडची, कॉलेजात जाऊन बी.ए. झालेली. तिचा नवरा प्रताप तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर होता. तो तिथल्याच पत्र्याच्या खोल्यांतून राहायचा आणि रविवारी खाडीवर सायकल होडीत चढवून यायचा. हंसा येसूबाईच्या ओटीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होती. काखेला दहा महिन्यांची मुक्ता. या गावात काही म्हणून कोरडं होत नाही, याची तिला सवय झाली नव्हती. मुक्ताची दुपटी दिवसभर उन्हात टाकली तरी हाताला दमटच लागायची, काड्यांची पेटी पदरात गुंडाळून ठेवावी लागायची. कधी कधी पिठाच्या डब्यात नाक घालून ती ज्वारीचा वास घ्यायची. तोही आता पुरता उरला नव्हता.

शाळा आणि येसूबाईचं खळं यांच्यामध्ये शेराचं कुंपण तेवढं होतं. खळ्यात माणसाहून उंच बांबूच्या वलांडी उभ्या होत्या आणि त्यांच्या आडव्या दोरांवर बोंबील वाळत. शाळेच्या वेळात मुक्ताची झोळी यातल्याच एका खांबाला टांगलेली असायची. येसूबाईची सासू मैनाबाई एका हातानं वाळके बोंबील सोडवायची, दुसऱ्यानं झोका द्यायची. म्हातारीच्या डोळ्यांत फुलं पडली होती. गेल्याच आठवड्यात मुक्तानं मातीतली काटेरी सुकट तोंडात घातली, ते तिला दिसलंच नाही. तेव्हापासून हंसा फळ्याकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघून शिकवायची. झोळी हलतेय ना. मांजर बाजूला आहे ना. म्हातारी जागेवर आहे ना.

त्या वर्षी बोंबील उदंड. येसूबाईचा नवरा नामदेव तांडेल होता, होडीवरचा मुख्य, आणि त्याची होडी दर भरतीला भरून लागत होती. ओल्या बोंबलाला दम नसतो. आणला की उतरायचा, धुवायचा, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरावर टाकायची. दुपार टळली की तो पाणी सोडतो. घरात हात मोजके, त्यातला कर्ता हात चिंधीत. नामदेवानं जाळ्यातली गाठ दातानं ओढली आणि न ओरडता सांगितलं, की सोमवारपासून नलू खळ्यावर येईल.

नलू त्याची थोरली. सातवीत होती. एप्रिलात सातवीची परीक्षा आणि ती झाली की पालघरची मोठी शाळा, असं तिनं आणि हंसानं मिळून ठरवून टाकलं होतं. नामदेवाला कुणी विचारलं नव्हतं. बापाचं बोलणं नलूनं ऐकलं. चुलीपुढून उठून तिनं पाटी-दप्तर खुंटीला लावलं, मग परत काढून पुसलं आणि परत लावलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गुरुजींनी, म्हणजे पंढरी गुरुजींनी, हंसाला बोलावून सांगितलं की पुढच्या महिन्यात देशाची निवडणूक, मतदान आपल्याच शाळेत. तर वरच्या वर्गांना मत म्हणजे काय ते नीट शिकवा. हंसानं फळ्यावर मतपेटी काढली. पडदा काढला. पडद्याआड एकट्यानं जायचं, ज्याला हवं त्याला मत द्यायचं, डब्यात टाकायचं, आणि कुणाला सांगायचं नाही, असं ती समजावू लागली तशी पोरं चुळबुळली. पाटलाचा बन्सी उभा राहिला. त्याचं म्हणणं, जमातीच्या बैठकीत त्याचा बा सगळ्यांसमोर विचारतो, कबूल? सगळे म्हणतात कबूल. लपून कशाला करायचं? लपून करतो तो चोर.

"कबूल म्हणताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून," हंसा म्हणाली.

मागून नलूचा आवाज आला. "बायकांना तर कबूल म्हणायलाबी बोलवत नाय."

वर्ग हसला. बन्सीही हसला. पण हंसाच्या डोक्यात तेवढ्यात एक गोष्ट बसली. संध्याकाळी ती नामदेवाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. शाळेत मुलांची निवडणूक घेणार आहे, तिनं सांगितलं; पाचवी ते सातवीची मुलं शाळेचा मुख्यमंत्री निवडतील. नलूला उभी राहू द्या. तेवढ्यापुरतं तरी सोमवारचं लांबणीवर टाका. नामदेवानं जाळ्याची आणखी एक गाठ घट्ट केली.

"निवडून आली तर?" त्यानं विचारलं.

"तर वर्ष संपेपर्यंत काम असतं तिला. परीक्षेपर्यंत शाळेत लागेल."

"आन पडली तर?"

हंसाची नजर त्या गाठीवर गेली.

"मंग ऐका," नामदेव म्हणाला. "पोरांनी निवडली तर मुख्यमंत्र्याला शाळंतून काढणारा मी कोण? राहू दे परीक्षेपर्यंत. खळ्यावर मी पाड्यावरची बाई लावीन. पडली तर दुसऱ्या दिवशी वलांडीवर. मंग तुमी परत बोलायचं नाय, तिनंबी नाय. कबूल?"

दाराआड नलू उभी होती. हंसानं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कबूल."

मधले दिवस धावपळीचे गेले. नलू पहाटे आईबरोबर बंदरावर जायची, शाळा सुटली की खळ्यावर. नलूची निशाणी टोपली, बन्सीची होडी. बन्सीच्या घरी तीन होड्या, तेव्हा त्यानं चुरमुरे वाटले. नलूकडे वाटायला काही नव्हतं. बोंबील टाकता टाकता ती बाजूच्या पोरींना सांगायची, की मी आले तर शाळेत पाण्याचा माठ मुलींकडेही ठेवीन आणि खळ्यावरनं उशीर झालेल्या पोरीला उंबऱ्याबाहेर उभं करणार नाही. यातलं दुसरं ऐकून हंसा मनात ओशाळली. तो नियम तिचाच होता.

त्याच दिवसांत एकदा, मुक्ताला कडेवर घेऊन हंसा बंदरावर गेली. नामदेवाची होडी लागली होती. रेतीवर मिळकतीची, म्हणजे खलाशांच्या वाट्याची मासळी पसरलेली आणि खलाशांच्या बायका भोवती उकिडव्या बसलेल्या. मधोमध नलू, परकर खोचून, गुडघ्यापर्यंत ओली, मासळीचे ढीग घालत होती. येसूबाईचा हात गेल्यापासून वाटणी तिच्याकडे आली होती. एक पापलेट या ढिगावर, एक त्या. लहानाच्या बदल्यात मूठभर कोळंबी. ढीग झाले तशी एकेक बाई उठली, मनाला आला तो ढीग टोपलीत ओढून चालू लागली. नलू हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सगळ्या गेल्यावर उरलेला ढीग तिनं उचलला. त्यातला पापलेट डोळ्यांनीच कळत होता, लहान होता.

"तू का नाही आधी घेतलास?" हंसानं विचारलं.

नलूला प्रश्नच कळला नाही. मग ती हसली. "ढीग घालणारीनं पयलं उचललं तर तिच्या हातावर इश्वास कोण ठेवील?"

हंसानं ते ऐकलं, आणि तेवढ्यात मुक्तानं रेतीची मूठ तोंडात नेली, म्हणून विसरली.

मतदानाच्या दिवशी वर्गाच्या कोपऱ्यात जुन्या शिडाचं कापड बांधलं होतं. त्यामागे दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेला. हंसानं चिठ्ठ्यांवर स्वतः होड्या आणि टोपल्या काढल्या होत्या. हव्या त्या चित्रावर फुली करायची. पोरं नखं कापून, तेल लावून आली होती. उमेदवारांचा मान म्हणून हंसानं त्यांना सगळ्यांत आधी बोलावलं. पहिली नलू.

नलू जागची लगेच हलली नाही. मागे वळून रांगेकडे तिनं एकदा बघितलं, मग शिडामागे गेली. तिला वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मग बन्सी गेला आणि उडी मारत आला. मागची पोरं एकेक जाऊन येत होती आणि लपून काहीतरी केल्यासारखं तोंड करून जागेवर बसत होती.

पंढरी गुरुजींसमोर मोजणी झाली. होड्या एका बाजूला, टोपल्या एका बाजूला. ढीग बरोबरीनं वाढत गेले. शेवटची चिठ्ठी उघडली ती होडीची. बन्सी एका मतानं निवडून आला. पोरांनी त्याला उचललं. नलूनं शिडाच्या गाठी सोडल्या, कापडाची नीट घडी घातली आणि ज्या घरचं होतं तिथं पोचवायला गेली.

संध्याकाळी हंसा खोलीत आली तर नलू मुक्ताला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलेली. मुक्ता झोपली होती. नलू तिच्या जावळातली वाळू बोटानं काढत होती.

"बाई, माझं मत मी बन्सीला दिलं."

हंसा उभ्याची बसली.

"का गं?"

"तुमी मना पयलं बोलावलं."

"मग?"

"पयलं उठून आपलंच उचलायचं? सगळी मागं उभी होती." ती खालीच बघत होती. "शेवटी बोलावलं असतं, तर उरलेलं माझंच होतं."

बाहेर मैनाबाई कोंबड्यांना हाकारत होती. हंसाला बंदरावरचे ढीग दिसले. आपण तिला सगळं शिकवलं, पडदा शिकवला, पेटी शिकवली, आणि उभं राहणाऱ्यानं स्वतःला मत द्यायला हरकत नाही, एवढं एक वाक्य बोललो नाही. ते सांगायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

"परत नाय का घेता येत?" नलूनं विचारलं.

डब्यात पडलं की पडलं. हे हंसानंच वर्गाकडून घोकून घेतलं होतं. परत मतदान घ्यायला तिला कुणी अडवलं नसतं. पंढरी गुरुजी भले माणूस. एक शब्द टाकला असता तर झालं असतं. तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर मुक्ताकडे गेली. मुक्ता तोंड उघडं टाकून, निर्धास्त झोपली होती. उद्यापासून हिच्याजवळ दिवसभर चांगले डोळे असतील. हा विचार कुणी न बोलावता आला आणि पाय पसरून बसला.

"नाही घेता येत," हंसा म्हणाली.

नलूनं मान हलवली, जणू तिला हे आधीच माहीत होतं. मुक्ताला अलगद हंसाच्या मांडीवर दिलं आणि गेली.

 सकाळी हंसा नामदेवाला गाठायला बंदरावर गेली आणि घडलं ते सांगितलं. नामदेव होडीतलं पाणी उपसत होता. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला.

"आता फिरवलं तर पाटील काय बोलेल? तुमीच मोजलं, तुमीच सांगितलं. खऱ्या मतदानातबी फिरवाल?" तो परत उपसू लागला. मग खालीच बघत म्हणाला, "पोरीनं बरोबर केलं. मीबी तेच केलं असतं."

त्याच्या बोलण्यात अभिमान होता, हे हंसाला सगळ्यात जड गेलं.

रविवारी प्रताप आला. डोक्यात सिमेंटची पूड, मुक्तासाठी बोईसरहून आणलेली खुळखुळ्याची डबी. तिनं वाढता वाढता त्याला सगळं सांगितलं. तो भुकेला होता. घास मोडत म्हणाला, "वाईट झालं. पण एका अर्थी बरंच की. मुक्ताची काळजी मिटली तुझी." हंसाच्या हातातली पळी आमटीतच राहिली. त्यानं वर बघितलं, तेव्हा तिनं आमटी वाढली. तो दुपारी निघाला तेव्हा दर रविवारसारखी ती खाडीपर्यंत गेली. होडी पलीकडे लागेपर्यंत सायकलचं हँडल चकाकत राहिलं. थांब म्हणावंसं तिला दर वेळी वाटायचं. या वेळी, आपल्यालाही ने, असं वाटलं.

खऱ्या मतदानाला शाळेच्या अंगणात दोऱ्या बांधल्या. शहरातून अधिकारी आले. हंसाचं नाव सासरच्या गावी, त्यामुळे तिला मत नव्हतं. काम मात्र होतं, येईल त्याच्या डाव्या तर्जनीला शाई लावायची. मत कुणाला, हे जमातीचं ठरून गेलेलं होतं. पुरुष आले, हसत शाई लावून घेतली, गेले. मग बायका आल्या, अंबाड्यात आबोली घालून. शाई लावताना कुणाचा हात खवल्यांनी खरखरीत, कुणाचा मिठानं चिरलेला.

येसूबाईचा डावा हात अजून चिंधीतच. तर्जनीचं टोक तेवढं बाहेर होतं, पांढरं पडलेलं. हंसानं जपून त्यावर रेघ ओढली.

"आत कोणी नाय ना?" येसूबाईनं हळूच विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही एकट्या."

येसूबाई आत गेली ती येईचना. अधिकाऱ्यानं घड्याळाकडे बघितलं, मग पडद्याकडे. बाई अडली आहे का, त्यानं विचारलं. शेवटी ती आली, घडी केलेला कागद पेटीत टाकला आणि पदर सारखा केला. मागची बाई तिला डिवचून म्हणाली, आत जेवायला बसली होतीस का?

"एकटीला उभं रायला जागा कदी मिळते गं?" येसूबाई म्हणाली आणि चालू लागली.

कुंपणाच्या पलीकडे नलू मुक्ताला कडेवर घेऊन उभी होती. दोरीच्या आत यायला मनाई होती. ती मतदान बघत नव्हती. तिच्या वर्गाच्या दारातून भिंतीवरचा नकाशा दिसत होता, तो बघत होती. मुक्तानं तिची वेणी धरली होती.

दोऱ्या सुटल्या, बाकडी जागेवर गेली, शाळा भरली. हंसा हजेरी काढणार तेवढ्यात बन्सी उभा राहिला. नलूचं मत कुणाला गेलं, ते एव्हाना गावभर झालं होतं. चुरमुरे वाटूनही नलूच्याच मतानं आलास, ही चेष्टा त्याला आता ऐकावी लागत होती.

"बाई, मुख्यमंत्र्याला शाळेतलं काय काय ठरवता येतं?"

"झाडलोट. पाणी. बसायची जागा."

"फळा?"

हंसानं त्याच्याकडे नीट बघितलं. "फळा कुठं ठेवायचा, ते ठरवता येईल."

बन्सी वर्गाकडे वळला. बापासारखे हात मागे बांधले. "फळा खिडकीसमोरच्या भिंतीशी, तोंड खिडकीकडं. आपण वळून बसायचं. आन धडा मोठ्यानं वाचायचा. कबूल?"

"चिठ्ठ्या नाय टाकायच्या?" पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं.

"कबूल?" बन्सीनं परत विचारलं, तिच्याकडे बघून.

"कबूल," ती म्हणाली, आणि मग सगळा वर्ग.

फळा उचलताना त्याची एक खुंटी निखळली. पोरांनी बाकडी फरफटत वळवली. खडूची धूळ उडाली. हंसा बाजूला उभी राहून बघत होती. तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं.

मग तिनं हजेरी घेतली. नावं नेहमीच्या आवाजात घेत ती मेहेरांपर्यंत आली.

"नलिनी नामदेव मेहेर."

हे नाव तिनं मोठ्यानं घेतलं. पोरांच्या माना खिडकीकडे वळल्या. वारा समुद्रावरून खळ्यावर येत होता आणि वलांडी पांढऱ्या बोंबलांनी भरल्या होत्या. त्यांच्या आड दोन हात दिसत होते, एक जबडा दुसऱ्यात अडकवणारे. ते थांबले. मैनाबाईनं कोण आलं म्हणून मान वर केली. येसूबाई चिंधीतला हात छातीशी धरून उभी होती. तिनं मागे वळून लेकीकडे बघितलं आणि टोपलीतला पुढचा बोंबील उजव्या हातानं तिच्यापुढे धरायची ती थांबली.

"हजर, बाई."

हजर म्हणजे वर्गात, असा नियम. हंसानं पेन्सिल टेकवली आणि नावापुढे हजेरी मांडली.

धडा सुरू झाला. पोरं वाचत होती, गरजेपेक्षा मोठ्यानं. हात परत हलू लागले होते, जोडीमागून जोडी दोरावर पडत होती, आणि नलूचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते इथवर पोचत नव्हतं. हंसाची नजर सवयीनं झोळीकडे गेली. झोळी हलत होती. तिची दोरी नलूच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती.